आरोग्य खोलीतला फोटो

२०२३ साल. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. गुडघे सोडले तर अंगात काही बिघाड नव्हता, आणि तोंडात तर बिलकुल नव्हता. जन्म गेला जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहण्यात. शाळा दुसरीपर्यंत. पण हे लिहितोय ते माझ्या हातानं, आणि कुणाकडून दुरुस्त करून घेणार नाही.

आमचं गाव बदनापूरच्या पल्याड. त्या वर्षी गावच्या शाळेत आरोग्य खोली निघाली. खोली कसली, मोडके बाक टाकायची जागा. तिला रंग दिला, आत एक खाट, वजनकाटा आणि दोन खुर्च्या ठेवल्या, वर बोर्ड लावला. रिबीन कापायच्या दिवशी साहेब लोक मांडवात आणि पोरं उन्हात. नारळ फोडायचा मान कुणाचा यावरून दोघं हमरीतुमरीवर आले. खोली कशासाठी, हे पोरांना कुणी सांगितलं नाही. मला तिथंच किळस आली.

दर गुरुवारी दोन बाया यायच्या. एक नर्सबाई, ती वजन करायची, गोळ्या द्यायची. दुसरी जालन्याहून यायची, पोरांशी नुसती बोलायला. पोरं तिला मनाच्या म्याडम म्हणायची. पारावर लोक म्हणत, बोलायचा पगार मिळतो, मजा आहे. मी गप्प राहायचो, कारण माझ्या घरात बोलणं बंद केलेलं माणूस होतं.

माझी नात. नववीला होती. वर्गात वाचायला उभं केलं की तिचे हातपाय गार पडायचे, छाती धडधडायची, घसा बंद व्हायचा. पोरं हसायची. मंग घरी येऊन जेवण नाही, झोप नाही. बसल्या बसल्या भुवईचा एकेक केस उपटायची. एक भुवई अर्धी झाली. सुनेनं मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. माझा पोरगा म्हणाला, मोबाईलमुळं झालं. घरात मोबाईल एकच, आणि तो सदा त्याच्याच हातात.

नर्सबाईनं वजन करताना ती भुवई पाहिली आणि पोरीला मनाच्या म्याडमसमोर बसवलं. दोन-तीन गुरुवार गेले. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, तर नात ताट घेऊन माझ्याजवळ आली.

"आबा, वाचताना भ्या वाटलं तर काय करायचं, म्हाईत हाय का?"

"मला काय म्हाईत माय. मला कुणी वाचायला सांगितलंच न्हाई."

ती हसली. किती दिवसांनी हसली! "पाय जमिनीवर दाबून धरायचे अन् श्वास हळू सोडायचा. म्याडमला बी शाळेत असंच होत होतं म्हणे."

"मंग तू बी म्याडम होशील."

"मी न्हाई. मी नर्स होणार. नुसतं काट्यावर उभं करायचं, बोलायची कटकट न्हाई."

अख्खी भाकर खाल्ली तिनं त्या दिवशी.

पुढच्या गुरुवारी मोठ्या गुरुजींनी, म्हणजे शाळेच्या हेडमास्तरांनी, फोटो काढला. नात म्याडमसमोर बसून डोळे पुसतेय, असा. तो शाळेच्या ग्रुपवर टाकला, ज्यात सारं गाव आहे. खाली लिहिलं, 'मानसिक आजारी विद्यार्थिनीस मार्गदर्शन. शाळेचा स्तुत्य उपक्रम.' माझ्या पोरानं मला मोबाईलवर दाखवला. लोकांनी अंगठे दाखवले होते, फुलं टाकली होती, 'अभिनंदन सर' म्हटलं होतं. रडणाऱ्या लेकराच्या खाली अभिनंदन! थुंकावंसं वाटलं, पण काचेवर कुठं थुंकू?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातच पोरांनी गाठलं तिला. "ए येडे, रडून दाखव ना!" टाकीवर पाण्याला गेलेल्या सुनेला एक शहाणी म्हणाली, "लवकर उजवून टाका बाई, बाहेर बोभाटा व्हायच्या आत." नात शाळेत जाईना. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली आणि दुसऱ्या भुवईला लागली.

पोरगा म्हणाला, "बस झाली शाळा. घरी राहू दे."

"का?"

"आबा, फोटो पाव्हण्यारावळ्यात गेला. मला तोंड दाखवायला जागा न्हाई राह्यली."

"तुला तुझ्या तोंडाची पडली. तिच्या तोंडात घास चालला न्हाई."

बुधवारी मी शाळेत गेलो. मोठे गुरुजी खुर्चीतून उठले. "या बाबा, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. तो फोटो काढून टाका."

"बाबा, तुमच्या नातीचं कौतुकच केलं की आम्ही."

"तुमची मंडळी दवाखान्यात रडताना कुणी फोटो काढून गावभर वाटला, तर पेढे वाटताल का?"

त्यांचं तोंड उतरलं. "वरून मागतात हो. फोटो न्हाई तर काम झालंच न्हाई असं धरतात. चेहरा दिसला पाहिजे, खोली दिसली पाहिजे, बोर्ड दिसला पाहिजे."

"अन् त्या म्याडमनं काढू दिला?"

"त्यांना कुठं म्हाईत? खिडकीतून काढला." आणि हसले. पोरांना शिकवणारा माणूस, खिडकीतून चोरून लेकराचा फोटो काढतो आणि हसतो.

"उद्या बी काढणार?"

"काढावाच लागतो बाबा. दर गुरुवारी."

घरी येऊन मी नातीच्या उशाला बसलो. "उद्या माझ्यासंगं चल."

"न्हाई आबा. ते पुन्हा काढतेत."

"मी बसतो ना तिथं."

"तुमचं कोण ऐकून राह्यलंय?"

दारातून पोरगा ओरडला, "मी न्हाई म्हणलो ना एकदा!"

"घर कुणाच्या नावावर हाय रे?" मी विचारलं. तो दारातून बाजूला झाला. नात उठून बसली, तेवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधला, अंथरायची जाड वाकळ खांद्यावर टाकली, खिळे-हातोडी घेतली आणि नातीला पुढं घालून शाळेत गेलो. खोलीच्या खिडकीला आतून वाकळ ठोकायला लागलो. मनाच्या म्याडम आल्या. काय झालं ते मी सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मला खरंच माहीत नव्हतं, बाबा," म्हणाल्या, आणि वाकळेचं एक टोक स्वतः धरून उभ्या राहिल्या. नात खुर्चीवर बसली. मी बाहेर येऊन दार ओढलं. आतून कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि उंबऱ्यावर आडवा बसलो.

गुरुजी मोबाईल घेऊन आलेच. "बाबा, जरा सरका. एकच घेतो."

"घ्या ना. माझा घ्या. चेहरा दिसून राह्यला, दार दिसून राह्यलं, बोर्ड डोक्यावर हाय. खाली लिहा, म्हातारा येडा झाला. अन् सगळीकडं टाका."

पोरं जमा झाली. गुरुजींचा हात ना वर जाईना, ना खाली. मी फेटा नीट केला आणि मोबाईलकडं बघत बसलो.