आमच्या आयरिश शेजाऱ्याचं स्वतःचं गाणं

थांबा, चहा नंतर, आधी हे ऐका, नाहीतर मी फुटेन! आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या आयरिश माणसाइतका श्रेय घ्यायला घाबरणारा प्राणी अख्ख्या ब्रिस्टलमध्ये नसेल. आयुष्यभर पबमध्ये फिडल वाजवली, म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण प्रत्येक धुनेआधी "ही मला अमक्या काकांनी दिली" हे ठरलेलं. एकदा त्याच्या सूपचं कौतुक केलं तर म्हणाला, "माझं नाही गं, मावशीचं." जिन्यात शिंकला तरी शिंक आजोबांची म्हणेल! आणि या माणसाने गेल्या विंटरमध्ये जाहीर केलं, फिडल बंद, आता गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणार. मी सॉलिड शॉक! पबमधले अकॉर्डियनवाले आजोबा तर भडकलेच, "जुनी संपली काय रे?" आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. हा मला म्हणाला, "पहिला शो फसला ना, की माफी मागून परत फिडल. गाणं कायमचं बंद."

आता त्यांच्या पबची रीत अशी की सगळे गोल बसतात, एकाने धून सुरू केली की ज्यांना येते ते त्यात घुसतात. कोणीच घुसलं नाही, तर कोणाला येत नाही असं समजून मुकाट्याने सोडून द्यायची. तर पहिला शो, एका हॉलमध्ये. हा स्टेजवर, कान लालबुंद. "हे गाणं... अं... कोणाकडून नाही." एक कडवं गायला, माझ्या अंगावर काटा, आणि मध्येच थांबला! "सॉरी, कोणालाच येत नाही वाटतं." लिटरली! तेवढ्यात मागून अकॉर्डियनवाले आजोबा ओरडले, "अरे गाढवा, तू बनवलंयस, आम्हाला कसं येईल? गा पुढे!" मग गायला. पूर्ण.

आता तो सारखा टूरवर असतो. काल दुपारी घरी होता, म्हणून आम्ही त्या पबमध्ये गेलो, तर आजोबांची गँग त्याचंच गाणं वाजवत होती, शब्दांशिवाय. शेजारच्या टेबलावरची बाई त्याला समजावते, "फार जुनी धून आहे हं ही." मी तोंड उघडणार, तर याने माझा हात दाबला. "हो का? कोणाची?" "असं कोणा एकाची थोडीच असते!" तो हसला. खूश होता की काहीतरी हातातून गेलं होतं, मला अजून कळत नाहीये. तुमचं एखादं अगदी स्वतःचं काही असं तुमच्यादेखत सगळ्यांचं झालंय का हो कधी?