खळ्यावरचे गॉगल

गेल्या साली भात झोडताना ह्यांच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. ह्यांच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. भरे गावात आमची भातखाचरं, घरापुढंच खळं. आडव्या ओंडक्यावर पेंढ्या आपटायच्या, दाणे तडातड उडायचे. कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात काहीतरी जायचंच, त्याचं कुणाला काय!

आणि डोळ्यातलं काढण्यात आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, हातखंडा. पदराचं टोक वळायचं, पापणी उलटायची, अलगद टिपायचं. निम्मं गाव त्यांच्याकडं यायचं, मग पोटचा लेक दुसरीकडं कुठं जाणार? त्यांनी कुसळ टिपलं, पदरावर गरम फुंकर मारून डोळा शेकला, वर दुधाचे थेंब सोडले. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. "एवढ्याशा कुसळाला डाक्टर?" म्हणून मायलेक दोघंही मला हसले.

आठवडाभरात डोळा लालभडक, बुबुळावर पांढरा ठिपका. मग पळापळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुसळानं ओरखडा पडला होता, त्यात बुरशी वाढली. डोळा चोळायचा नव्हता, दूधबिध घालायचं नव्हतं, स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच यायचं होतं. बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणूस कळत नाही.

मला रडू आलं नाही, संताप आला. आत्याबाईंशी महिनाभर धड बोलले नाही. डोळ्यात काही गेलं म्हणून कुणी आलं, की त्या पदर कमरेला घट्ट खोचून म्हणायच्या, "पाण्यानं धू आन् दवाखान्यात जा." मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. उरलेला डोळा कुसळाला द्यायचा नाही, मग गाव हसो नाहीतर नवरा रुसो.

यंदा कापणी उरकली तशी पिरंगुटला गेले आणि हार्डवेअरच्या दुकानातून गॉगल आणले. कारखान्यात ग्राइंडरवर काम करणारे घालतात ना, बाजूनंही बंद असलेले, तसले. खळ्यात शिरताना आम्ही चपला काढतो, तिथंच गॉगलांची पिशवी टांगली.

ह्यांनी बघितलं आणि भडकलेच. "खळ्यात आपण पायताण घालून जात न्हाई, आन् हे सोंग घालून जाऊ? लक्ष्मी हाय ती!"

"मग लक्ष्मी बघायला डोळा नगं का?" मी म्हटलं.

झोडायला आलेले भावकीतले लोक फिदीफिदी हसायला लागले. एक जण म्हणाला, "वहिनी, कंपनी काढली काय हितं?" हसण्यानं ह्यांना आणखी चेव आला. गॉगल न घालताच पेंढी उचलली. मी सरळ जाऊन ओंडक्यावर बसले.

"ऊठ."

"न्हाई उठायची. आपटायची तर माझ्या पाठीवर आपटा."

"लोक बघत्यात. ऊठ म्हनतो ना!"

"बघू द्या. त्यांना दोन दोन डोळे हायेत."

ह्यांच्या हातात पेंढी तशीच राहिली. मी काही हलले नाही.

कोपऱ्यात आत्याबाई सूप घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, पिशवीतून एक गॉगल काढला आणि डोक्यावरच्या पदरावरनंच चढवला, तोही उलटा. लेकापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"तुजा येक डोळा माज्या पदरानं गेला," त्या म्हणाल्या. "ह्यो माज्या देखत जाऊ द्यायची न्हाई मी. घाल!"

त्यांनी हे तोंडानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. ह्यांनी पेंढी खाली ठेवली, गॉगल घेतला, घातला. मागोमाग बाकीच्यांनीही पिशवीत हात घातला. तेव्हा कुठं मी ओंडक्यावरून उठले.

आत्याबाईंचा गॉगल सरळ करायला गेले, तर काच आतून ओली. मी पदराचं टोक धरलं, काच पुसली. डोळे त्यांनी स्वतःच पाण्यानं धुतले.