दहऱ्यातले पढीन

रेल्वेच्या कंट्रोलमध्ये माझी हयात गेली. कोणती गाडी किती वाजता कुठे होती, हे लिहिल्याशिवाय घास उतरत नसे. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. चौबे कॉलनीतल्या काहीजणांनी महानदीतल्या माशांच्या नोंदी ठेवायचं ठरवलं, तेव्हा फोनवरचा फॉर्म भरायला मीच पुढे झालो.

अभनपूरच्या पलीकडे नदीकाठी एक म्हातारा केवट मला नावेतून न्यायचा. मी त्याला कका म्हणायचो. नदी चढू लागली की पढीन नावाचे मोठे मिशाळ मासे अंडी घालायला वर निघतात, एनीकटच्या बंधाऱ्याशी अडतात आणि खालच्या खोल दहऱ्यात थांबतात. आषाढापासून हरेलीच्या अमावास्येपर्यंत त्या डोहात जाळं टाकायचं नाही, ही केवटांची रीत. त्यांच्या पाऱ्याबाहेर, म्हणजे वस्तीबाहेर, ती जागा कुणाला ठाऊक नव्हती. ककानं मला दाखवली, कारण मासे कमी होत चाललेत हे कुठेतरी लिहिलं जावं असं त्याला वाटत होतं.

"गिन ले, फेर जगा झन बताबे," तो म्हणाला. मोज, पण जागा सांगू नकोस.

मी "हव" म्हटलं. घरी आलो तर जागेचा रकाना रिकामा. माझ्यातला कंट्रोलवाला उठून बसला. नकाशावर मी अगदी काटेकोर खूण केली. तो नकाशा कुणालाही पाहता येतो, हे मला माहीत होतं. तरी केली. आजही त्याची लाज वाटते.

आठवड्याच्या आत शहरातून माणसं आली, पिकअपमध्ये जाळी भरून. मी पोचलो तेव्हा दहरा उपसल्यासारखा झाला होता आणि वाळूवर अंडी सांडली होती. मला तिथं उभं राहवेना.

"काहून लिवलं हो? मासे का मालगाडी हायेत?" बायको म्हणाली. एरवी मी तिला उलट उत्तर देतो. त्या दिवशी जेवलोही नाही.

चार दिवस हिंमत गोळा करून ककाच्या घरी गेलो. तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता.

"मैंने ही लिखा था, कका."

"जानथँव," तो म्हणाला. त्याला ठाऊक होतं.

पाऱ्यात घरभेदी कोण, यावरून भावाभावांत लाठ्या निघाल्या होत्या. म्हणून ककानं बैठकीत उभं राहून सांगितलं, जागा आपल्याच तोंडून फुटली. बैठकीनं त्याला वर्षभर नदीत उतरायची बंदी घातली होती.

मी म्हटलं, बैठकीत जाऊन खरं सांगतो.

"झन जा. उहाँ तोला सजा देवइया कोनो नइ हे."

तुला शिक्षा देणारं तिथं कुणी नाही. मी तरी गेलो. लोकांनी सगळं ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली, चहा पाजला आणि हात जोडून निरोप दिला. ककाची बंदी तशीच राहिली.