शुक्रवारच्या बाटल्या

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणायचो, आणि माझं ऐकून सगळा प्लँट त्यांना दाजी म्हणायला लागला. अगदी मॅनेजरसुद्धा. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण वरच्या माणसाला उलट शब्द बोलतील तर शपथ. मला या स्वभावाचा राग यायचा. अजूनही येतो.

आमच्याकडे येणाऱ्या गॅसमध्ये विषारी वायू असतो. अमाइन नावाच्या द्रावणाने तो धुऊन काढायचा, द्रावण उकळून वायू वेगळा करायचा आणि तेच द्रावण पुन्हा वापरायचं. पण त्यात हळूहळू असे क्षार साठतात की कितीही उकळा, हटत नाहीत. हे क्षार पाइप आतून खातात. म्हणून दर मंगळवारी सकाळी दाजी नमुना काढायचे आणि क्षारांचा आकडा वहीत लिहायचे. मर्यादा दोन टक्के. त्यावर गेलं की प्लँट थांबवून द्रावण साफ करायचं. आणि प्लँट थांबवायचा म्हटलं की मॅनेजर काहीतरी कारण काढून टाळायचा.

त्यावर तोडगा निघाला. सोमवारी संध्याकाळी नमुन्याच्या नळाजवळच्या टाकीत ताजं अमाइन ओतायचं. मंगळवारचा नमुना फिक्या चहासारखा, आकडा दीडच्या आसपास, सगळे खूश. सव्वीस वर्षं तो रंग बघणाऱ्या माणसाला कोण फसवणार? दाजी गुपचूप शुक्रवारीही नमुना काढायला लागले. तो काळाकुट्ट निघायचा. एकदा त्यांनी तो मॅनेजरला दाखवला, तर नमुना मंगळवारचाच धरायचा, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका, असं उत्तर मिळालं. दाजी मात्र बाटल्या तारखा टाकून कपाटात ठेवत गेले.

मी पाइपांची जाडी मोजतो. कुठला पाइप कधी मोजायचा हे वहीतल्या आकड्यावर ठरतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दाजी माझ्या शेजारी येऊन बसले. डबा उघडलाच नाही.

"उकळीच्या टाकीखालचं पाइपचं वळण आहे ना, त्याचं आवरण काढून एकदा मोज," ते म्हणाले. "शुक्रवारचा आकडा साडेचार आहे."

"वहीत आहे का साडेचार?"

"नाही."

"मग लिहा. तुम्ही लिहा, मी मोजतो."

मी मुद्दाम टोचून बोललो होतो. जन्मात एकदा तरी या माणसाने ताठ उभं राहावं, असं मला वाटत होतं. ते नुसते हसले आणि डबा न खाताच उठले. त्यांनी लिहिलं नाही, मी मोजलं नाही. मोजायला अर्धा तास लागला असता.

सात आठवड्यांनी, शुक्रवारी, ते वळण फुटलं. नमुन्याचा नळ तिथून दोन हातांवर, आणि दाजी हातात बाटली घेऊन नळापाशी उभे होते. उकळतं द्रावण अंगावर आलं, त्यामागून गॅस. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. फुटलेला तुकडा मीच कापून काढला. अंगठ्याने दाबला तर वाकला. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं की शुक्रवारी मयताचं तिथे काहीही काम नव्हतं. कपाटातल्या बाटल्या तोवर कुणीतरी धुऊन पालथ्या घातल्या होत्या.

आठवड्याने ताईकडे गेलो. ती रडत नव्हती. समोर बसली आणि म्हणाली, "त्यांचं तिथे काम नव्हतं म्हणतात. तुला काही बोलले होते का रे ते?"

"नाही," मी म्हणालो.

ती उठून आत गेली आणि एक पातळशी वही घेऊन आली. त्यात फक्त शुक्रवार होते. तारीख आणि आकडा, आठवड्याला एक ओळ. अपघाताच्या सात आठवडे आधीच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. साडेचार. त्यापुढे दाजींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मेहुण्याला सांगितलं. तो बघेल.'