दहा मिनिटं धरा, हलू नका

कामोठ्याला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, मूळचे बेलपाड्याचे. तुटलं की आपलं आपण जुळणारं रबर बनवायचं, ही त्यांची नोकरी. खिशात ब्लेड आणि रबराची पिवळट पट्टी कायम. कोणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तरी पट्टी कापतात आणि दोन्ही टोकं भिडवून आपल्याच हातात देतात. "दहा मिनिटं धरा. हलू नका." भाजीची पिशवी काखेत मारून मी कितीदा तसा उभा राहिलोय! मग ते पट्टी हातभर ताणतात. ती तुटत नाही. आश्चर्य दर वेळी त्यांनाच वाटतं.

"कापल्याबरोबर जोडायचं," ते बजावतात. "उशीर केला तर टोकांना एकमेकांची गरज उरत नाय."

गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधल्या माझ्या सख्ख्या भावाशी चपलांच्या रॅकवरून माझं कडाक्याचं भांडण झालं. "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही," इथपर्यंत गेलं. आवाज ऐकून हे धावत वर आले आणि आम्हा दोघांचे खांदे एकमेकांना भिडवून दाबून धरले.

"आत्ताच कापलंय. हलू नका."

पन्नाशी उलटलेले आम्ही दोघे हललो नाही.

दहा मिनिटांनी त्यांनी आमचे हात धरून दोन बाजूंना ओढलं. आम्ही लगेच सुटलो.

"कच्चं हाय," ते खिन्नपणे म्हणाले. "उद्या सकाळी सातला परत."

दुसऱ्या दिवशी ते साफ विसरले. सात वाजता जिन्यात मी आणि दादा मात्र खांद्याला खांदा लावून, घड्याळ बघत उभे होतो.