वाटेवरचा भात

त्या वर्षी आमची कंपनी पूर्वेकडच्या डोंगरात होती. मुलुखाचं नाव लिहीत नाही, युनिटचंही नाही. मी नायक होतो, दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर. शिक्षण आठवी. काम रोजचं एकच. पहाटे हत्यार घेऊन स्टँड-टू, मग रस्त्यात बॉम्ब नाही ना हे पाहायचं रोड ओपनिंग, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. बांबूचं रान, चिखल, जळवा. पोस्टच्या खाली एक गाव होतं. गाववाले आमच्याकडे पाहत नसत, आणि आम्ही त्यांच्यावरची नजर काढत नसू.

माझ्या सेक्शनमध्ये लान्सनायक भीमराव होता, आपल्या कळंबचा. रिटायर झाल्यावर चिंतामणीच्या देवळाजवळ चहाची टपरी टाकीन म्हणायचा.

"तू तर देव मानत नाहीस बे," मी म्हणायचो.

"मी नाही मानत. गिऱ्हाईक मानते ना."

रस्त्यावरच्या पुलाजवळ पेरलेला आयईडी फुटला, त्यात भीमराव गेला. त्याची टोपी मी उचलली. बाकी उचलण्यासारखं फार नव्हतं.



पुलाच्या अलीकडे वाटेला वळण आहे. तिथं मोठं झाड. झाडाच्या मुळाशी पेट्रोलला केळीच्या पानाची पुडी सापडली. आत भात, सुकी मासोळी, एक विडी. भात मऊ होता, ताजा. पुढच्या पेट्रोलला पुन्हा तेच. कंपनी कमांडर साहेब म्हणाले, जंगलात लपलेल्यांना कोणीतरी जेवण पोचवतंय. अँबुश लावला, दबा धरून बसलो. पुडी ठेवताना एक म्हातारा सापडला. नाव लुंगबा. पायात चप्पल नव्हती.

दुभाष्यानं त्याला विचारलं. म्हाताऱ्यानं काही लपवलं नाही. माझा मुलगा या झाडावर मध काढायला चढला, पडून मेला. आमच्यात माणूस जिथं पडतो तिथं त्याचं जेवण ठेवतात. एवढंच तो बोलला, आणि पुढंही तेवढंच बोलत राहिला.

सुभेदार साहेब म्हणाले, "मुर्दा बीड़ी भी पीता है क्या?"

पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी दिग्रसजवळच्या तांड्यातला. आमच्याकडे दवाळीला निखाऱ्यावर तूप-लापशी सोडून मेलेल्यांची नावं घेतात. माझ्या बापाला चिलीम लागायची, म्हणून मी माझ्या हातानं निखाऱ्यावर तंबाखू टाकली आहे. मी कमांडर साहेबांपुढं सावधान उभा राहिलो.

"साब, हमारे यहाँ भी मरे हुए को खिलाते हैं. ये सच बोल रहा है."

"राठोड, पुल पे कौन मरा था?"

"भीमराव, साब."

"तो फिर?"

"गाँव में पूछ लेते हैं, साब."

"गाँव भी यही बोलेगा. जाओ."

पकडलेला माणूस लवकरात लवकर पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, हे आम्हाला शिकवलेलं होतं. लुंगबाला कोणी नेलं नाही. त्याचं नाव वायरलेसवरसुद्धा गेलं नाही. त्याला स्टोअरच्या मागच्या बंकरमध्ये ठेवलं. तिथं पाण्याचे जेरीकॅन भरून जायचे आणि रिकामे यायचे. एका म्हाताऱ्याला प्यायला एवढं पाणी लागत नाही. जनरेटर दिवसाही चालू ठेवायचा हुकूम होता. लाइट लावायची नव्हती. आवाज पाहिजे होता.

त्याची बायको गेटवर येऊन बसली. हातात पानाची पुडी. सेंट्रीनं सांगितलं, इथं कोणी नाही. ती ऐकून घ्यायची आणि तिथंच बसायची. अंधार पडला की उठायची. सकाळी पुन्हा हजर. मी सुभेदार साहेबांना म्हटलं, पुडी आत नेऊन देतो.

"अंदर कोई है ही नहीं," ते म्हणाले. "किसको देगा?"

एकदा मी लुंगबाला पाहिलं. दोघं बगलेत धरून त्याला संडासला नेत होते. तळपाय सुजून काळे पडले होते. टाच जमिनीला टेकत नव्हती. माझ्याकडे पाहून तो तेच दोन शब्द बोलला, जे दुभाष्यासमोर सारखे बोलायचा. त्यांचा अर्थ एव्हाना सगळ्या पोस्टला ठाऊक होता. मुलगा, जेवण.

मग एका सकाळी जनरेटर बंद होता. बंकर धुतलेला होता. आम्हाला फॉल-इनमध्ये, रांगेत उभं करून सांगितलं, कैदी पळत होता, दरीत पडला. ज्याला उभं राहता येत नव्हतं तो माणूस पळाला म्हणे. बायकोला कोणी काही सांगितलं नाही. देह दिला नाही. ती गेटवर यायची थांबली.

पुढच्या पेट्रोलला मी सगळ्यात पुढं होतो. वळणावरच्या झाडाखाली दोन पुड्या होत्या. एकीत विडी होती, दुसरीत सुपारी; म्हाताऱ्याला इथूनच नेलं होतं. भातातून वाफ निघत होती. म्हणजे त्याची बायको लांब गेली नव्हती. मी मान वर केली. बांबूच्या आड दोन पाय दिसले. हलत नव्हते.

वायरलेस सेटवर आवाज आला. "वळणावर काही आहे का" असं कमांडर साहेब हिंदीत विचारत होते.

"कुछ नहीं, साब. रास्ता साफ. ओव्हर."

"पक्का? ओव्हर."

माझ्या मागं सगळं सेक्शन उभं होतं. पाय सगळ्यांना दिसले होते.

"पक्का. आउट."

आम्ही पुढं गेलो. परतताना मी चिखलातले ठसे पाहिले. सगळे बूट पुड्यांना वळसा घालून गेले होते.

सुट्टीवर आल्यावर जमनीला, माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती भाकरी करून राह्यली होती. तवा उतरवून तिनं सगळं ऐकलं.

"त्याच्या बायकोले अजून तिथं जायचा धाक असन," ती म्हणाली.

"असन."

"नाव काय त्याचं?"

"काहून?"

"दवाळीले घेऊ ना आपण. तिले एखाद वर्षी नाही जमलं तर तो उपाशी राहीन."

तेव्हापासून दर दवाळीला आमच्या चुलीत लुंगबाचा घास पडतो. नाव जमनीच घ्यायची. मी नुसता बसायचो.

यवतमाळला माजी सैनिकांच्या कार्यक्रमात शहिदांची नावं वाचतात. भीमरावचं वाचतात. मागच्या खेपेला मी उठून म्हटलं, एक नाव राहिलं. मंचावरच्या साहेबांनी विचारलं, "कोणत्या युनिटचा?"

"आमच्याच बंकरमध्ये होता," मी म्हणालो.

त्यांनी मला पाणी दिलं आणि बसवलं.

जमनी औंदा गेली. मुलगी पुसदला असते, ये म्हणते. पण चूल इथं आहे. या दवाळीला सगळी नावं मीच घेतली. आई, बाप. मग भीमराव. त्याच्या घरचे बौद्ध, ते हे मानत नाहीत. तिकडं भेटला की शिव्या देईल, देऊ दे. मग जमनी. तिच्या नावाला लापशी बाहेर सांडली.

लुंगबाचं नाव शेवटी घेतलं, मोठ्यानं. त्याला लांबून यायचं असतं, आणि इकडची वाट त्याला ठाऊक नाही.