साडूच्या चाकातली भोकं

आमच्या चौकातला चष्मेवाला स्वभावाने इतका मऊ, की गिऱ्हाइकाने स्वतःच्याच पायाखाली घेतलेला चष्मा तो "हल्ली काड्याच नाजूक येतात" म्हणत सरळ करून देतो. दुकान म्हणजे एक बोळ. आतल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि तक्त्यापासून खुर्ची लांब हवी म्हणून तिचे मागचे पाय थेट उंबऱ्याला टेकलेले. एखादे आजोबा खालच्या ओळीवर अडले, की रस्त्याने जाणारा कोणीतरी मागून उत्तर सांगून पुढे जातो. चष्मेवाला त्याच्यावरही रागावत नाही.

अशा या माणसाच्या पोटात एकच दुखणं होतं, साडू.

हे नातंच तसं अवघड. दोन बहिणी दोन वेगळ्या माणसांना हो म्हणतात आणि त्या दोघांनी पुढे जन्मभर शेजारीशेजारी उभं राहून उंची मोजून घ्यायची. साडू थोरला जावई. फरश्यांचं मोठं दुकान, हाताखाली माणसं, आवाज भरदार. चष्मेवाल्याने केस गळू नयेत म्हणून तेल चोळायला घेतलं, तर साडूचे केस तेलाशिवायच दाट. यात साडूची काही चूक नव्हती, आणि तेच चष्मेवाल्याला जास्त लागायचं. चूक असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

त्यात एका रविवारी सासऱ्यांच्या दारात साडू आपल्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने हाक मारली, "इकडे ये रे. हे बघ."

चाकाच्या पाकळ्यांतून आतली ब्रेकची डिस्क दिसत होती. भोकाभोकांची, वर चर पाडलेली, न्हाणीघरातल्या नव्या नळासारखी चकचकीत.

"शर्यतीच्या गाड्यांना असतात अशा," साडू म्हणाला. "कितीही तापली तरी पकड सुटत नाही."

"तुमच्या दुकानाच्या वाटेवर शर्यत असते का, साडूभाऊ?"

सगळे हसले. साडूही मोकळेपणाने हसला. चष्मेवाला तेवढा हसला नाही. घरी जाताना त्याने बायकोला विचारलं, "भोकं पाडल्यावर उलट माल कमी होतो ना गं?" बायकोने खिडकीबाहेर बघितलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण सासऱ्यांचा मोतीबिंदू पिकला. तो चष्मेवाल्यानेच ओळखला होता. दवाखाना त्याने शोधला, डॉक्टर त्याच्या ओळखीचे, ऑपरेशनचा दिवसही त्यानेच ठरवला. आणि बायको फोन ठेवून म्हणाली, "बाबांना न्यायला मोठे भाऊजी जाणार आहेत."

"का? डोळा माझ्या खात्यातला आहे."

"डोळा तुमच्याच खात्यातला. गाडी त्यांची."

"माझ्या गाडीला काय धाड भरलीय?"

"बाबा म्हणतात, तुम्ही ब्रेक दाबला की त्यांचे दात वाजतात. आधीच चार उरलेत."

हे खरं होतं. सासरे टेकडीवर राहतात आणि रस्ता सगळा उतरणीचा. सासऱ्यांनी नोकरीभर बस चालवली. आता शेजारच्या सीटवर बसले तरी त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. चष्मेवाल्याच्या गाडीत ब्रेक लागला की स्टेअरिंग असं थरथरायचं, की सासरे एक हात दाराला आणि दुसरा जबड्याला लावून बसत. पण चष्मेवाल्याच्या डोक्यात दात शिरलेच नाहीत. त्याला सगळीकडे भोकंच दिसायला लागली. सासरे साडूच्या गाडीत बसणार ते त्या डिस्कमुळे, अशी त्याची खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात गेला. गॅरेजवाला त्याचा शाळेतला दोस्त. मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, म्हणून त्याचं नावच पाना पडलेलं. त्याने चाक उतरवलं आणि डिस्कच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"चष्म्या, ही संपली. काठ उभा राहिलाय बघ. शिवाय जाडी सगळीकडे सारखी नाही, म्हणून हादरे बसतात. नवीन जोडी टाकू, पॅडसकट."

"भोकांची टाक."

पान्याने वर बघितलं. "कशाला?"

"चांगली असते."

"घाटात भरल्या गाडीने रोज उतरणार असशील तर असेल. तू दुकानातून घरी जातोस. तुझ्या गाडीला कंपनीची साधी डिस्क भरपूर झाली."

"तू टाकणार की नाही ते सांग."

"मला काय, दोन्हीत माझं पोट भरतं. पण भोकांची बाहेरून मागवावी लागेल, पंधरवडा धर. साधी उद्या लावून देतो." मग त्याने कोपऱ्यातलं, चष्मेवाल्याच्याच चाकावरून काढून ठेवलेलं प्लॅस्टिकचं झाकण उचलून चाकावर धरलं. "आणि हे बसवल्यावर आतलं दिसणार कोणाला?"

हा मुद्दा चष्मेवाल्याच्या ध्यानातच आला नव्हता. "झाकणं काढून फिरेन," तो म्हणाला.

"फीर. गंजलेली लोखंडी चाकं आणि आत दागिना. फाटक्या बनियनवर टाय."

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं. म्हणजे साधी डिस्क घेतली तर सासऱ्यांना आणायचा हट्ट धरता येईल, पण साडूपुढे मान खालीच. भोकांची घेतली तर मान वर, पण तोवर साडू सासऱ्यांना आणून, पोचवून, वर शाबासकी घेऊन मोकळा झालेला असणार.

दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत "हे स्पष्ट की हे?" असं विचारणारा हा माणूस. "दोन्ही सारखंच वाटतं" म्हणणाऱ्यांची त्याला मनातून चीड. आणि आता तो स्वतःच दुकानात बसून एका बाईंना एकच भिंग दोनदा दाखवत होता. बाई म्हणाल्या, "अहो, हे मघाचंच आहे." तेव्हा त्याने दुकान लवकर बंद केलं.

घरी त्याने बायकोला पान्याचं सगळं सांगितलं, शर्यतीच्या गाड्यांसकट. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला बाबा हवेत की भोकं?"

"तसा प्रश्न नाहीये तो."

"तसाच आहे."

दुसऱ्या दिवशी पान्याने साध्या डिस्क बसवल्या. "थोडे दिवस बेताने दाब," तो म्हणाला, "डिस्क आणि पॅड एकमेकांना रुळू देत. नवं लग्न आहे."

चष्मेवाला थेट टेकडीवर गेला. "बाबा, पाच मिनिटं बसून बघा." सासरे जबडा सांभाळत बसले. उतरणीच्या मधोमध त्याने ब्रेक दाबला. गाडी मुकाट्याने थांबली. सासऱ्यांनी जबड्यावरचा हात काढला, पण नसलेल्या ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"हं. बरी थांबली. गुरुवारी तुम्हीच या. थोरल्या जावयांना मी सांगतो. पण त्यांना वाईट वाटता कामा नये हां."

"त्यांना कशाला वाईट वाटेल?" चष्मेवाला म्हणाला. वाटावं अशी त्याची फार इच्छा होती.

ती काही पुरी झाली नाही. गुरुवारी त्याने सासऱ्यांना अलगद खाली आणलं आणि दवाखान्याच्या पायरीशी गाडी उभी केली, तर साडू आधीच हजर. हातात उशी, पाण्याची बाटली, आणि नर्सशी बोलून खिडकीजवळची खाटही मिळवलेली. "बरं केलंस तू आणलंस," साडू मनापासून म्हणाला, "मला इथली धावपळ करता आली." दोन्ही बहिणी साडूकडे कौतुकाने बघत होत्या. चष्मेवाल्याने निमूटपणे उशी घेऊन सासऱ्यांच्या पाठीशी लावली. उशीसुद्धा छान होती.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. चष्मेवाल्याने दुकानातला सगळ्यात भारी काळा चष्मा आणला होता. तो त्याने स्वतःच्या हाताने सासऱ्यांच्या कानांवर बसवला. सासरे कोणाला न विचारता त्याच्या गाडीकडे निघाले आणि पुढच्या सीटवर बसले. साडू सामान घेऊन आपल्या गाडीने पुढे निघाला. चष्मेवाल्याला वाटलं, संपलं. जिंकलो.

सासरे नव्या डोळ्याने रस्ता बघत होते. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, सिग्नलचा हिरवा किती हिरवा आहे म्हणत होते. टेकडीच्या वळणावर साडूची गाडी हळू झाली आणि आडवी वळली. ऊन नेमकं तिच्या चाकावर पडलं.

"अरे वा," सासरे पुढे वाकून म्हणाले. "थोरल्यांच्या चाकात काय चकाकतंय ते? भोकंभोकं दिसतायत."

मागच्या सीटवर बायको खोकली.

"डिस्क आहे, बाबा."

"सुरेख आहे हो. आत्तापर्यंत कधी दिसलीच नाही मला. तुमच्या गाडीला आहे का?"

चष्मेवाल्याने, पान्याने सांगितल्याप्रमाणे, ब्रेक बेताने दाबला.

"आहे ना, बाबा. आत आहे. वरून झाकण आहे ना, म्हणून दिसत नाही."

"असं होय," म्हणून सासरे पुढच्या गाडीच्या चाकाकडे बघत राहिले. घर येईपर्यंत त्यांनी दुसरीकडे बघितलं नाही. गाडी बंद झाल्यावर ते उतरले, वाकले, आणि नव्या डोळ्याने चष्मेवाल्याच्या चाकावरचं झाकण निरखून म्हणाले, "मग हे एकदा काढा की. मला बघू द्या."